हळ्ळीखेड ते कमलनगर: एका पिवळ्या दिव्यामागे

पहाटे पाचला पुण्याहून निघताना मी लेकीला तिसऱ्यांदा विचारलं, "स्टेपनीत हवा हाय ना?"

"अप्पा, गाडी कंपनीची हाय," वैशाली म्हणाली. म्हणूनच तर विचारलं होतं.

वैशाली गाड्या बनवणाऱ्या कंपनीत यूजर एक्सपीरियन्स डिझायनर आहे. म्हणजे समोरचे काटे, बटणं, दिवे ड्रायव्हरला कळतात की नाही, हे बघायचं. मी भालकी-कमलनगर वीस वर्षं जीप चालवली. तिच्यातला एकही काटा हलत नव्हता, पण अडलं नाही. हे मात्र तिच्या साहेबांना सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं.

साहेबांनी ब्रेकचे लायनर झिजल्याचा नवा पिवळा दिवा काढला होता: मधे गोल, दोन्ही बाजूंना तुटक रेघा. घरी मला दाखवला तेव्हा मी म्हणालो, "तव्यावरची भाकरी." मग तिनं अर्थ सांगितला. आता माझ्या जुन्या भागातल्या तीन जीप स्टँडांवरच्या ड्रायव्हरांना तेच विचारायचं होतं. ते चुकले तर पोरीच्या नोकरीचं काय, या काळजीनं सोलापूरपर्यंत मला काही गोड लागलं नाही.

जाणाऱ्यांसाठी: उमरग्यापुढं उसाच्या ट्रॅक्टरमागे तासभर जातो, तो धरूनच निघा. हुमनाबादला लॉज तीनशेत मिळतो, गरम पाणी दोनदा मागितल्यावर. चुरमुऱ्यांचा सुशीला आणि मिरची भजी सकाळीच खा, दुपारी उरत नाहीत.

हळ्ळीखेडला वैशाली बॉनेटवर थर्माकोलचा डॅशबोर्ड मांडत होती, तेवढ्यात मी चहाच्या टपरीवर सटकलो. "पोरीची परीक्षा हाय. पिवळा दिवा म्हंजे ब्रेक लायनर. इसरू नका."

"अण्णा, या वयात कॉपी पुरवायलाव व्हय!" एक जण हसला. पण सगळे पास झाले.

खटकचिंचोळीलाही मी तेच केलं. तिथला बसवराज नावाचा मिशीवाला डॅशबोर्डसमोर बसल्याबरोबर म्हणाला, "पिवळा, ब्रेक लायनर!"

"अण्णा, मी अजून चित्र दाखवलं न्हाई."

"मग दाखवा की, अक्का. उत्तर तयार हाय."

वैशालीनं माझ्याकडं बघितलं. डॅशबोर्ड चादरीत गुंडाळला आणि गाडीत बसल्यावर विचारलं, "कामून सांगितलात, अप्पा?"

"चुकले असते तर तुझी नोकरी..."

"चुकायलाच पायजे होते! हे चित्र कुणाला कळत न्हाई, असं साहेबांना सांगून आलेय मी. आता तेच चित्र गाडीत जाणार, आणि लायनर झिजलेला ड्रायव्हर भाकरी बघत घाट उतरणार."

मी तिच्या साहेबांचं काम फुकट करून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी कमलनगर. शेवटचा स्टँड. मला काचा वर करून गाडीत बसवलं. मी दाराला हात लावला नाही, शपथ. पण हळ्ळीखेडच्या ड्रायव्हरांनी आदल्या दिवशीच मोबाइल लावला होता. पहिलाच गडी चित्र बघून म्हणाला, "लायनर."

वैशालीनं कोरा कागद बॉनेटवर पसरला. मग तिनं 'दार उघडं' या दिव्याचं चित्र काढलं, त्यात दोन्ही दारं फाकलेली गाडी अगदी स्वच्छ दिसते, आणि ते स्केचपेननं पिवळं रंगवलं.

"हे काय, अण्णा?"

"लायनर."

दुसराही तेच म्हणाला. तिसऱ्यानं कागद उलटासुलटा करून बघितला. "ह्या लायनरला पंख फुटायलेत, अक्का. पण हाय लायनरच."

नऊच्या नऊ चुकले. पोरीनं सगळ्यांना चहा पाजला आणि परतीच्या वाटेवर मला मान हलवून माफ केलं. चित्राकडं कुणी बघत नाही, रंग तेवढा पाठ होतो, असं तिनं कंपनीला लिहून दिलं. आता ते चित्र बदलायचं ठरलंय.

मी सातवीत चुकलेल्या उत्तरांच्या छड्या खाऊन शाळा सोडली. परवा चहाच्या वेळी वैशालीनं नवं चित्र समोर ठेवलं.

"काय हाय, अप्पा?"

"आधी तू सांग."

"न्हाई."

तळहाताला घाम आला. "उपडी घागर," मी म्हणालो.

तिनं ते वहीत लिहून घेतलं आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला. बरोबर उत्तर काय होतं, ते अजून सांगितलेलं नाही.