आधी विचार, मग हात लाव

लॅपटॉपवरच्या इंग्रज बाईने विचारले, "म्हाताऱ्या पेशंटच्या हातातून ताट पडलं, तर त्याला काय म्हणाल?" आणि माझी नात शीतल खुर्चीतून उठून खाली वाकली. ताट उचलायला. खोलीत ताट नव्हते, म्हातारा नव्हता. पलीकडच्यांना नुसती रिकामी खुर्ची दिसली. शीतल वर आली तोवर इंग्लंडातल्या वृद्धाश्रमाची नोकरी हातची गेली होती. मुलाखत जुळवून देणाऱ्या माणसाने फोनवर सांगितले, आठ दिवसांनी आणखी एकदा विचारतील, त्यानंतर नाही.

हे सगळे आमच्या शेजारच्या, शीतलला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंच्या खोलीत झाले, आणि काय विचारले तेही बाईंनीच मला मागून सांगितले. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे.

"मले वाटलं, उचलाच लागते," शीतल म्हणाली.

"बरोबरच केलं तुनं," मी म्हणाले. "आपल्या इकडं जो 'मदत करू काय' म्हणून इचारते, त्याले करायचीच नसते."

"कमळाबाई, तुम्ही गप्प बसा. तुमच्यानंच बिघडली ही," बाई मला म्हणाल्या.

बाई खामगावला शाळेत शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर देऊळघाटला आमच्या शेजारी राहायला आल्या. अर्धांगवायूने उजवा हात गेला होता, पण आवाज शाबूत होता. कोणी धरायला गेले की ओरडायच्या, "थांबा! विचारा आधी." गावाने त्यांचे नाव विचाराबाई ठेवले. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना ओट्यावरून उठवायला सरळ काखेत हात घातला. त्यांनी डाव्या हाताने माझ्या पोटरीवर काठी मारली. "मी काय तुरीचं पोतं आहे?" मला राग आला. चार दिवस गेले नाही. पाचव्या दिवशी गेले, कारण म्हणणे खरे होते.

ते आठ दिवस त्यांनी शीतलला सोडले नाही. मला खाटेवर पेशंट म्हणून बसवायचे, मी ताट पाडायचे आणि शीतलने दोन्ही तळहात मांडीखाली दाबून बसायचे. तोंडाने विचारल्याशिवाय हात बाहेर काढायचा नाही. तिसऱ्या दिवशी पोरगी रडली. बाई म्हणाल्या, "रड, पण हातावर बसून रड."

काय विचारायचे, त्याचेही बाईंचे हिशोब होते. "हेल्प म्हणजे रोजचं लुगडं. बाजारात चालतं, मयतीतही चालतं. अनोळखी माणसाला हेच म्हण. गिव्ह यू अ हँड हे माहेरचं बोलणं. ओळख मुरली की मग."

"आन् असिस्ट?" शीतलने विचारले.

"ते कचेरीच्या कागदावर राहू दे. आजारी माणसाला कागद दाखवायचा नसतो."

मी विचारले, एवढे कशाला, मदत ती मदत. बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिले. "मला रोज चार माणसं उचलतात, कमळाबाई. कोण कसं विचारतं, त्यावर माझा दिवस जातो."

दुसऱ्या मुलाखतीला त्यांनी मला खोलीबाहेर काढले आणि स्वतःही बाहेर आल्या. दार अर्धवट उघडे होते. या वेळी प्रश्न दुसराच आला. बाई माझ्या कानाशी मराठीत सांगत होत्या: म्हातारा सहा महिने ओळखीचा आहे, पूर्वी ट्रक चालवायचा, कोटाचे बटण लागत नाही, कोणी हात लावला तर चिडतो. काय म्हणशील?

शीतलने आधी दोन्ही तळहात मांडीखाली घातले. बाईंनी माझे मनगट धरले. न विचारता धरले.

मग आतून आवाज आला, "शॅल आय गिव्ह यू अ हँड विथ दॅट?"

"आणि तो नको म्हणाला तर?" पलीकडच्या बाईने विचारले.

"देन आय विल वेट."

पलीकडची बाई हसली. नोकरीचे पत्र दोन आठवड्यांनी आले.

मी शीतलला विचारले, हेल्प काऊन नाही म्हटलं? ती म्हणाली, "सहा महिन्यानं हेल्प म्हटलं असतं तर तो पुन्हा पेशंट झाला असता, आजी." बाईंनी फक्त मान हलवली. त्यांची शाबासकी एवढीच असायची.

शीतल दिवाळीनंतर गेली. बाई पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या झटक्याने गेल्या. त्या आठ दिवसांत त्यांच्या खोलीत आम्ही तिघी होतो. शीतल तिकडे कामावर आहे, आणि मी इथे आहे.