रंग सांगायचा राहिला

माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. आमच्याकडे याचं कुणाला नवल नाही. घरातली मुलगी घरातच राहिली म्हणून लग्नात सगळे खूशच होते.

लेक पाच वर्षांची झाली आणि हाका मारल्या तरी वळेना. मग चालताना झोकांड्या देऊ लागली, मान सावरेना, शेवटी उभंही राहता येईना. सोलापूरच्या डॉक्टरांनी तिचं रक्त तपासणीला बाहेर पाठवलं. ब-२ जीवनसत्त्व पेशीत नेणारं एक प्रथिन असतं, ते तिच्यात बिघडलेलं निघालं. तोच दोष माझ्याकडूनही आला होता आणि नवऱ्याकडूनही. "यार्डात माल आहे, हमाल नाहीत," डॉक्टर म्हणाले. "मग इतका माल ओतायचा, की थोडा तरी आत जाईल." मी शाळेत विज्ञान शिकवते. जीवनसत्त्व कमी पडलं की पालेभाज्या खा, एवढंच आजवर फळ्यावर लिहीत आले होते.

गोळ्या जन्मभराच्या, डोस भलामोठा. लघवी गर्द पिवळी होईल, घाबरू नका, असंही त्यांनी मला बजावलं. दोन महिन्यांत पोर भिंत धरून चालू लागली.

उन्हाळ्यात माझं पेपर तपासायचं काम निघालं, म्हणून तिला होटगीला आत्याकडे ठेवलं. दहा दिवसांनी गेले तर ती अंथरुणावर, घास गिळेना.

"कावीळ झाली हुती की तिला!" आत्या म्हणाली. "लई पिवळं व्हायचं. गोळ्या बंद केल्या, माळ घातली. आता पान्यासारखं साफ हाय बग."

मी तिला तोंडाला येईल ते बोलले. दवाखान्यात नळीतून गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पोर वाचली. चालतेही, आधार घेऊन. ऐकू मात्र येत नाही.

पिवळं गोळ्यांनीच होतं, हे आत्याला दवाखान्यातच कळलं. ती रडत मला म्हणाली, "आपल्याला कुटं म्हाईत हुतं गं." मी गप्प राहिले. डोस मी वहीत लिहून दिला होता, सकाळ, दुपार, संध्याकाळ. रंग लिहिला नव्हता. सासूशी लघवीचं काय बोलायचं, म्हणून.

नवरा महिनाभर आईशी बोलला नाही. तेव्हाही मी गप्पच होते. त्याची मला लाज वाटते.

आता आत्या आमच्याकडेच असते. रोज सकाळी नातीला मोरीतून घेऊन येते आणि मला सांगते, "पिवळी हाय."

मी "बरं" म्हणते. मला आधीपासून माहीत होतं, हे तिला अजून सांगितलेलं नाही.