कोरी माती

खड्डा दिसला की माणूस वळसा घालून जातो. आमचे काका खुर्ची मागवतात. कुवेतच्या फैलका बेटावर जमिनीखाली फार जुनी वस्ती आहे. त्यामुळे तिथं साधं घर दुरुस्त करतानाही खोदकामावर पुरातत्त्वातल्या जाणकाराची नजर असावी लागते. ती नजर म्हणजे काका. कुवेतमधल्या आम्हा मराठी लोकांत त्यांचं सख्खं कुणी नाही, पण काका ते सगळ्यांचे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. इमारत वर कशी न्यायची हे मला कॉलेजनं शिकवलं, खाली पाहायला काकांनी. हे ऋण फिटायचं नाही.

त्यांना जेवायला बोलावणं ही एक परीक्षाच. बिर्याणी ते कडेनं, थराथरानं उतरवतात. माझी बायको एकदा म्हणाली, "काका, कालवून खा की." त्यावर म्हणाले, "सूनबाई, कालवलं की पुरावा गेला." खड्ड्यावरून कुणी उडी मारली तर दिवसभर त्याच्याशी अबोला. आणि सापडेल ती वस्तू जुनी. खापराचा तुकडा दिसायचा अवकाश, "दोन हजार वर्षं, कमी नाही." आमचे मजूर मुद्दाम चहाच्या कपाचे तुकडे नेऊन दाखवत आणि काका त्यांनाही शे-दोनशे वर्षं सहज देत.

मागच्या हिवाळ्यात तिथल्या एका कुवेती म्हातारीचं घर आमच्याकडे दुरुस्तीला आलं. नव्वद सालच्या युद्धात इराकी सैनिकांनी बेट रिकामं केलं तेव्हा तिचा नवरा घर राखायला मागे राहिला. तो पुन्हा दिसलाच नाही. ना माणूस, ना माती द्यायला देह. आता तिला शेवटचे दिवस तिथं काढायचे होते. अंगणात सांडपाण्याच्या टाकीचा खड्डा घेतला आणि कमरेइतक्या खोलीवर पुरुषाची एक चप्पल निघाली. मजूर हसत काकांकडे पाहू लागले.

काकांनी ती हातात घेतली. "हे नवीन आहे," ते म्हणाले. मग कुणी हसलं नाही.

म्हातारीनं चप्पल पाहिली आणि मान हलवली. त्याचीच. पोलीस आले, माती चाळली, काही मिळालं नाही; चप्पल घेऊन गेले. कंत्राटदारानं गुरुवारी काँक्रीट ओतायला सांगितलं. एरवी घरमालक काकांवर "लवकर आटपा" म्हणून ओरडतात. ही मात्र आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "धीरे करो. वो अंदर है."

मजुरांना बाहेर काढून काका स्वतः थापी घेऊन उतरले. गुडघे धरत, खोकत, एकेक पापुद्रा सोलावा तशी माती काढत राहिले. गुरुवारी सकाळी खाली फिकट, घट्ट वाळू लागली. माणसाचा हात कधीच न लागलेल्या अशा थराला काका कोरी माती म्हणतात. तिच्याखाली कुणी नसतं. ती लागली की थापी पुसून उठायचं, हे त्यांनीच मला शिकवलेलं. मी ती ओळखली, म्हणजे त्यांनी केव्हाच ओळखली असणार.

"काका," मी हळूच म्हणालो.

"दिसतंय मला."

म्हातारी ओट्यावरून वाकली. "और नीचे?"

काकांनी वर पाहिलं नाही. "हां, अम्मा. थोडा और." आणि ते कोरी माती खणू लागले.

मी काँक्रीटचा मिक्सर बंद करायला सांगितला, चपला काढल्या आणि घमेलं घेऊन त्यांच्याजवळ उतरलो. ऊन कलेपर्यंत आम्ही दोघं खणत होतो.