साहेबांचे एकतीस मेंढे

राणीमावशीला राणीमावशी का म्हणतात, हे नव्या माणसाने तिला विचारू नये. विचारायचंच असेल, तर तिच्या हातात बादली नसताना विचारावं.

मेंढ्यांच्या गोठ्यात ती कामाला लागली तेव्हा सतरा वर्षांची होती. पहिल्याच हंगामात तिने एक नुकतं जन्मलेलं कोकरू उचललं, मागच्या पायांमध्ये हात घातला, दोन इवली थानं बोटांना लागली आणि तिने छातीठोकपणे जाहीर केलं की ही मेंढी. नाव ठेवलं राणी. गळ्यात घंटी बांधली. काही महिन्यांत राणीला शिंगं फुटली आणि एका सकाळी तिने मुकादमाला पार कुंपणापर्यंत ढकलत नेलं. थानं नरालाही असतात, हे मावशीला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून चाळीस वर्षांत तिचा हात एकदाही चुकला नाही. पण चाळीस वर्षं कुणाच्या लक्षात राहतात? राणी मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिली. तिची सख्खी जाऊ याच केंद्रात चाऱ्याच्या कोठारावर होती. मावशी कुठे ठामपणे बोलायला लागली की जाऊबाई नुसती हाताने गळ्यातली घंटी वाजवल्यासारखं करायची. वाद तिथेच मिटायचा.

हे केंद्र दुधाचं. मेंढीच्या दुधाचं चीज करायचे, त्यामुळे मुलगी जन्मली की आनंदीआनंद, आणि मुलगा जन्मला की दहा-बारा दिवसांत ट्रक. माणसांच्या घरात हेच उलटं चालतं, आणि दोन्हीकडे कोण राहणार नि कोण जाणार हे ठरवणाऱ्यांनी स्वतः कधी बाळंतपण केलेलं नसतं. असो. कोकरू जन्मलं की त्याच्या कानात बिल्ला ठोकायचा: मादीला पिवळा, नराला निळा. कुणाला कोणता, ते मावशी सांगायची.

त्या वर्षी नवे साहेब आले. शिकलेले, इस्त्रीचे कपडे, आवाज गोड. पहिल्याच दिवशी त्यांनी गोठ्यात सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं की यापुढे अंदाजपंचे काम बंद, बिल्ले ते स्वतः लावणार. मावशीने सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी मागून राणीची गोष्ट साहेबांच्या कानावर घातली. साहेब हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले.

"मावशी, तुम्ही नाळेला आयोडीन लावा आणि झाडलोट बघा," ते म्हणाले. "शिंगं फुटेपर्यंत वाट बघायला आपल्याला वेळ नाही."

सगळा गोठा खो खो हसला. जाऊबाईने घंटी वाजवली. मावशीने झाडू उचलला आणि मनाशी ठरवलं, आता हा माणूस पाया पडला तरी आपण तोंड उघडायचं नाही.

आठवड्याभरात कोकरं झाली एकतीस. साहेब प्रत्येक कोकरू पोटाखालून बघायचे. तिथे आयोडीनने तपकिरी झालेलं काहीतरी लोंबत असायचं. साहेब समाधानाने मान हलवायचे आणि निळा बिल्ला ठोकायचे. एक निळा. दोन निळे. दहा निळे. मावशी शेजारी झाडू घेऊन उभी असायची आणि तिला स्वच्छ दिसायचं की साहेब ज्याच्यावरून मेंढा ठरवतायत ती नाळ आहे. नाळ सगळ्यांनाच असते, साहेबांनाही होती. पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

निळे बिल्ले संपले. साहेबांनी आणखी मागवले. पिवळ्यांचा डबा उघडलाच नाही. दुसरा कुणी असता तर त्याला शंका आली असती. साहेबांना अभिमान वाटला. त्यांनी मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं की नव्या चाऱ्यामुळे शंभर टक्के नर जन्मत असून हा प्रकार अभ्यास करण्यासारखा आहे. हे पत्र त्यांनी जाऊबाईला मुद्दाम वाचून दाखवलं, कारण चारा तिच्या ताब्यात होता. जाऊबाई दिवसभर भाव खात फिरली.

आठव्या दिवशी सुकलेल्या नाळा गळायला लागल्या. चारा टाकायला आलेल्या जाऊबाईला पेंढ्यात एक सापडली, मग दुसरी. ती मावशीजवळ येऊन हळूच म्हणाली, "अगं, साहेबांचे मेंढे गळायला लागले."

"मला काय सांगतेस? मी झाडणारी बाई."

"शनिवारी ट्रक येतोय."

"येऊ दे."

जाऊबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. या वेळी घंटी वाजवली नाही. "आणि कानतुटीचं?" एवढंच विचारून ती गेली.

कानतुटी म्हणजे एका कानाची म्हातारी मेंढी. तिचं हे शेवटचं वेत. कोकराचा पाय मागे अडकला होता, आणि मावशीने कोपरापर्यंत हात घालून, अर्धी सकाळ गुडघ्यांवर बसून त्याला बाहेर काढलं होतं. मादी होती. हे मावशीला ती पुरती बाहेर यायच्या आधीच कळलं होतं, बोटांनी. तिच्याही कानात आता निळा बिल्ला होता. पुढचे दोन दिवस मावशीने गोठा इतका झाडला की फरशी दिसायला लागली. झाडताना ती कानतुटीच्या कप्प्यापाशी आली की तोंड फिरवून झाडायची.

शनिवारी सकाळी ट्रक फाटकाला लागला. ड्रायव्हरने फळी टाकली. एकेक कोकरू उचलून आत सरकवणं सुरू झालं. आयांनी कालवा केला होता. कानतुटीचं कोकरू साहेबांनी स्वतः उचलून आणलं, कारण ते सगळ्यांत लहान होतं आणि साहेब मनाने वाईट नव्हते. फळीपाशी त्यांनी ते खाली ठेवलं. ट्रकमधून डोकावणाऱ्या बाकीच्यांकडे त्याने पाहिलं, घाबरलं, मागचे पाय फाकवले, कमरेत वाकून बूड खाली नेलं आणि धार सोडली.

मावशीच्या हातातला झाडू थांबला. पाया पडला तरी बोलायचं नाही, असं ठरलं होतं. साहेब पायाबिया काही पडले नव्हते.

"साहेब," ती म्हणाली, "तुमचा मेंढा बसून मुततोय."

ड्रायव्हर हसायला लागला. साहेबांचे कान लाल झाले. ते म्हणाले की थकलं असेल. तेवढ्यात फळीवर उभं असलेलं दुसरं कोकरू तसंच बसलं, आणि त्याच्या मागचं तिसरंही.

"बरेच थकलेत," ड्रायव्हर म्हणाला.

मावशीने झाडू फेकला. बादली उपडी केली, तीवर बसली, कानतुटीची पोर मांडीवर घेतली आणि साहेबांना जवळ बोलावलं, शाळेतल्या मास्तरने बोलवावं तसं.

"शेपटी वर करा. लाजू नका, तिला काही वाटत नाही. हिला शेपटीखाली दोन दारं आहेत, खालच्याला बारीक टोक. नराला इथे एकच दार. त्याचं दुसरं पोटावर, नाळेच्या मागे. आणि तुम्ही आठवडाभर ज्याला मर्दानगी समजत होता, ते माझं आयोडीन."

सगळी कोकरं खाली उतरली. मावशीच्या मांडीवरून एकतीसच्या एकतीस गेली. एकोणीस पोरी निघाल्या. बारा पोरांना घेऊन ट्रक गेला. त्यांच्या आयांचा कालवा मात्र कशानेच थांबला नाही, आणि त्या आवाजात मावशीला जिंकल्यासारखं काही वाटेना.

साहेब बादलीपाशी आले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं कुठे?" हे तिच्या तोंडात तयारच होतं, दहा दिवस घोळवून ठेवलेलं. बाहेर मात्र दुसरंच आलं. "मी थानं बघून फसले होते," ती म्हणाली. "सतरा वर्षांची होते. आपली राणी." स्वतःच्या तोंडाने तिने हे नाव चाळीस वर्षांत पहिल्यांदा घेतलं. साहेब हसले नाहीत. जाऊबाईसुद्धा नाही, आणि तिला ते फार जड गेलं असणार.

कान पुन्हा टोचायला मावशीने साफ नकार दिला, त्यामुळे त्या वर्षीच्या एकोणीस मेंढ्या निळे बिल्ले घालून हिंडतात. कानतुटीच्या पोरीचं नाव जाऊबाईने ठेवलं: राजा. मुख्य कार्यालयातून अभ्यासाला तिघे जण आले, तेव्हा त्यांच्यापुढे काय बोलायचं हे साहेबांनी मावशीला आधी विचारलं. खरं सांगा, ती म्हणाली, आणि चाऱ्याचं नाव काढू नका, जाऊ आधीच डोक्यावर बसलीय.

आता हंगामात साहेब स्वतः शेपटी वर करून बघतात आणि गोठ्याच्या त्या टोकाकडून विचारतात, "मावशी, दोन दारं. मादी ना?"

बरोबर असतं त्यांचं. मावशीला इथूनही कळतं. पण ती मान वर न करता म्हणते, "परत बघा."