कायमचे परतल्याबद्दल शाल आणि श्रीफळ

कॉव्हेंट्रीचं घर भाडेकरूंच्या ताब्यात देऊन निघालो, त्या सकाळी सई माझ्याशी एक अक्षर बोलत नव्हती. चौदा वर्षांची पोर. जन्म इथला, शाळा इथली, मैत्रिणी इथल्या, आणि आम्ही तिला उचलून कराडला घेऊन निघालेलो. पूल मेडोच्या बस स्टेशनवर हीथ्रोची कोच लागली तशी ती एकटीच पुढे चढली आणि कानात इअरफोन घालून खिडकीकडे तोंड करून बसली. हे खाली बॅगा ठेवत होते. यांना ना तिचा रुसवा दिसत होता ना माझे डोळे. कराडला आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला होता आणि हे त्यांचे एकुलते एक. यांचं मन कधीच जाऊन पोचलं होतं, शरीर तेवढं कोचमध्ये चढायचं राहिलं होतं.

खरं सांगते, लग्न होऊन मी पहिल्यांदा इकडे आले तेव्हाही एवढी रडले नव्हते. तेव्हा वडिलांनी विमानतळावर बजावलं होतं, "पोचल्यावर फोन कर, पण रडत करू नको, तुझी आई जेवायची नाही." मी न रडता फोन केला, न रडता चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली, थंडीत कुडकुडत बसची वाट बघायला शिकले. आणि आता, एवढी वर्षं गेल्यावर, हे शहर सोडताना मात्र मला हुंदका आवरेना. म्हणजे बघा.

जाताना आमचं सगळं ठरलेलं होतं. यांच्या कंपनीने बिनपगारी रजा दिली होती, पुढे वाढवून द्यायचंही कबूल केलं होतं. घर विकलं नव्हतं. आमची भांडीकुंडी, सईची सायकल, पुस्तकं, सगळं वरती लॉफ्टमध्ये ठेवलं होतं. आईंना जरा बरं वाटलं, की आपण परत. यावर आमच्या दोघांत कधी वादसुद्धा झाला नव्हता.

वाद झाला नाही, पण घोळ झाला. कराडला दारातून आत आलो. आई कॉटवर, तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. बोलणं अडखळत होतं, पण प्रश्न अगदी स्पष्ट विचारला. "किती दिवस हायस?" मी यांच्याकडे बघितलं. हे खाली वाकले, आईंचा तो हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाले, "आता कायमचा आलोय, आई." मी पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी. सईने इअरफोन काढले. आईंनी त्या दुपारी दुधात कुस्करलेली भाकरी पुरी संपवली, चार दिवस पेजेखेरीज काही पोटात नव्हतं त्यांच्या. मग कोण जाऊन सांगणार, की अहो आई, तसं नाही, काही दिवसांसाठीच?

संध्याकाळपर्यंत ही बातमी साऱ्या आळीत. लंडनवाले कायमचे आले! आम्ही जन्मात लंडनला राहिलो नाही, पण कराडात तेच म्हणतात. भावकी भेटायला आली, कुणी घर बघून देतो म्हणाले, कुणी जागा. सईला ह्यांच्याच जुन्या शाळेत नववीला घातलं. तिथले मुख्याध्यापक म्हणजे एकेकाळी यांना भूमिती शिकवलेले सर. त्यांच्या आनंदाला तर पारावारच नाही. स्नेहसंमेलनात त्यांनी यांना स्टेजवर बोलावून शाल आणि श्रीफळ दिलं. कशाबद्दल? तर आईच्या सेवेसाठी परदेश कायमचा सोडून आल्याबद्दल. टाळ्यांचा कडकडाट झाला. हे नारळ हातात धरून असे उभे, की जणू चोरीच्या मालासकट सापडले आहेत. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. करते काय?

पण त्या दिवसांबद्दल माझी तक्रार म्हणून नाही. सई पहिले दोन महिने "हा शाळा नको मला" म्हणत रडली, आणि मग अशी काही रुळली, की "काय करालाईस गं आई" म्हणून मलाच हाक मारायला लागली. शाळेतून आली की आजीचा हात तेलाने चोळायची. आजी डाव्या हाताने पत्ते खेळायला शिकली आणि खेळताना बिनदिक्कत लबाडी करायची. सईने पकडलं की तोंड वाकडं करून हसायची. सईची दहावी झाली, आणि निकालाच्या आधी आई गेल्या. हे उशाशी होते, सई पायाशी. जाताना त्यांच्या मनाला घोर नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

दिवसकार्य उरकलं, निकाल हातात आला आणि आम्ही कॉव्हेंट्रीला परतलो. कराडला सांगितलं, सईच्या शिक्षणासाठी जातोय. लोकांनी मानलं. सई सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीला, बसली, दिवसरात्र अभ्यास केला आणि तिला हवी होती त्या युनिव्हर्सिटीने फार्मसीला बोलावलं. ऑफर आली त्या दिवशी मी दुकानात गिऱ्हाइकांनासुद्धा पेढे वाटले.

आणि मागोमाग ईमेल. दहावी भारतात झालेली दिसते, तर तुमचं फी स्टेटस तपासावं लागेल. होम, म्हणजे इथली, की ओव्हरसीज, म्हणजे परदेशी. आम्हाला वाटलं, पासपोर्ट ब्रिटिश आहे, झालं. तसं नसतं हो! कोर्स सुरू होण्याच्या आधीची तीन वर्षं मुलाचं राहणं इथलं असावं लागतं. मधे बाहेर गेला असाल, तर ते जाणं तात्पुरतं होतं, परतायचं नक्की होतं, हे पटवून द्यावं लागतं. नाहीतर ओव्हरसीज. ओव्हरसीज म्हणजे फी आवाक्याबाहेर, वर स्टुडंट लोनही मिळणं मुश्कील. थोडक्यात, फार्मसीला रामराम. सई म्हणाली, "आई, मी इथे born आहे ना? मग मी ओव्हरसीज कशी? मी काय पार्सल आहे?"

आता आमचा शहाणपणा ऐका. कराडच्या शाळेचं पत्र जोडलं तर चांगलं, असं आम्हाला वाटलं. तारखा स्पष्ट होतील. सरांना फोन केला. सरांनी दुसऱ्या दिवशी पत्र पाठवलं. तारखा होत्या, मार्क होते, आणि खाली त्यांनी आपल्या मनाने भर घातली होती, की हे कुटुंब आजीच्या सेवेसाठी मायदेशी कायमचे परतले होते आणि असे संस्कार आजच्या पिढीपुढे ठेवण्याजोगे आहेत. आम्ही तिघांनी ते वाचलं. डोळे पुसले. आणि अपलोड केलं!

युनिव्हर्सिटीचं उत्तर आलं ते असं, की तुमच्याच शाळेच्या म्हणण्याप्रमाणे तुम्ही कायमचे गेला होता, सबब तूर्तास ओव्हरसीज. आणखी काही सांगायचं असल्यास कळवावे.

मी कपाळाला हात लावला. लेस्टरला आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, सगळ्यांना असल्या कामात सल्ला देतात. ते म्हणाले, "वहिनी, सोपं आहे. सरांकडून ते एक वाक्य काढून नवीन पत्र मागवा. आईंना काय सांगितलं होतं, ते कुठे लिहूच नका." मला पटलंच होतं. पण हे ऐकेनात. म्हणाले, "सरांनी खोटं कुठे लिहिलंय? मी सांगितलं तेच त्यांनी लिहिलं. आता त्यांनाच खोडायला लावू?"

मी म्हटलं, "मग तुम्हीच सांगा ना. तेव्हा तुमच्या मनात खरं काय होतं?" हे माझ्यासमोर येऊन बसले. मग म्हणाले, "परत यायचं हे पक्कं होतं. पण आईजवळ बसलो की वाटायचं, नकोच जायला." माझं तसं नव्हतं. मी पहिल्या दिवसापासून परतायचं धरून चालले होते आणि मला त्याची लाज नाही. पण यांचा चेहरा बघून मला भडभडून आलं. पोरीसाठी सगळं लिहायचं, तर मेलेल्या आईशी खोटं बोललो हे सही करून द्यायचं, आणि ज्या गावाने शाल दिली त्या गावाला ते कळणार. न लिहावं तर पोरीचं नुकसान.

शेवटी यांनी सरांना फोन लावला. स्पीकरवर. मास्तरांपुढे उभं राहावं तसे हे उठून उभे राहिले. "सर, मी तुमच्याकडून शाल घेतली, पण मी कायमचा आलो नव्हतो. आईला बरं वाटावं म्हणून बोललो, आणि पुढे कुणालाच खरं सांगायचं धाडस झालं नाही."   तिकडून सर म्हणाले, "आई गेल्या तेव्हा तू जवळ होतास का न्हवतास?"

"होतो, सर."

"मग शाल परत मागायला मी काय खुळा हाय? पत्र मी दुसरं लिहितो. खरं काय ते लिहितो. आणि हे बघ, पोरीला फोन दे, तिच्याशी बोलायचंय." सई बोलली, थेट कराडच्या बोलीत. सर हसले, आम्ही तिघंही रडतरडत हसलो. या माणसाबद्दल मला काय वाटतं, हे शब्दांत मावायचं नाही.

मग यांनी आपलं निवेदन लिहिलं. घर ठेवलं होतं, नोकरी ठेवली होती, रजा मंजूर होती, हे सगळं कागदांसकट. आणि त्याच्याखाली, कुणी मागितलं नसताना, आईंना काय म्हटलं आणि का म्हटलं, तेही. लेस्टरचे गृहस्थ म्हणाले, केस घालवलीत. मी म्हटलं, गेली तर गेली, पण माझ्या नवऱ्याने ताठ मानेने लिहिलंय. एवढी वर्षं संसार केला, पण या माणसाचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. तोंडावर मात्र म्हटलं नाही, उगाच शेफारायचे.

निकाल आला तेव्हा सई माझ्या दुकानात होती. मी एका म्हाताऱ्याच्या चष्म्याची दांडी वाकवत होते. तिने फोन माझ्या नाकासमोर धरला. होम! मी तो चष्मा तसाच टेबलावर ठेवला आणि पोरीला मिठी मारली. म्हातारा बिचारा काही दिसत नसताना टाळ्या वाजवायला लागला.

घरी आल्यावर यांनी ते ईमेल शांतपणे पूर्ण वाचलं. त्यात लिहिलं होतं, की तुमचं भारतातलं राहणं तात्पुरतं होतं, हे आम्ही मान्य करतो. आम्हाला तेच हवं होतं, त्याच्यासाठी तर एवढा आटापिटा. पण ती ओळ वाचली आणि हे लहान मुलासारखे रडायला लागले. सई त्यांच्या शेजारी जाऊन बसली, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाबा, हे आपण आजीला न्हाय सांगायचं हां."

कराडच्या माझ्या माणसांनो, आता सगळं तुमच्या कानावर घातलं. रागवायचं असेल तर खुशाल रागवा. आणि इथल्यांनो, पोरं घेऊन आईबापांपाशी जाऊन राहणार असाल, तर कागद नीट ठेवा, पण जा. सई सप्टेंबरात होम स्टुडंट म्हणून वर्गात बसेल, ते तिच्या हक्काचं आहे, मिळवलंय आम्ही ते. माझं घर कॉव्हेंट्री, हे मी आता कुणालाही न चाचरता सांगते. युनिव्हर्सिटीने जे ठरवलं ते फीपुरतं. आईंच्या घरी मात्र आम्ही कायमचे आलेलो आहोत, आणि तो निकाल फिरवायला कुठलंच ऑफिस नाही.