उडण्याऐवजी पळणाऱ्या माश्या

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की घास गोड लागत नाही.

केळीच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एक रखवालदार आला. केळी पिकवायच्या गोदामावर नवाच लागलेला, मूळचा धुळ्याकडचा. हात जोडून म्हणाला, "साहेब, मांगनी खोलीमा ज्या माश्या शेत, त्या केयीवरन्या नहीत. त्या उडतस, या पयतस. आम्ही बकरी पुरेल व्हती, तठे अश्याच निंघन्या व्हत्यात."

मागच्या खोलीतल्या माश्या केळीवरच्यासारख्या उडत नाहीत, पळतात, आणि पुरलेल्या बकरीपाशी अशाच निघाल्या होत्या, असं त्याचं म्हणणं. केळीच्या मुलुखात चिलटांची फिर्याद! सगळं ठाणं हसलं, मीही हसलो. स्टेशन डायरीत नोंदसुद्धा घेतली नाही.

चौथ्या दिवशी तो पुन्हा आला. या खेपेला दुर्गंधीचं बोलला, म्हणून गेलो. खोलीत झाकण घट्ट लावलेला ड्रम, आत एका परप्रांतीय मजुराचं प्रेत. पंचनामा केला आणि माझं पोलिसी डोकं चाललं: बंद ड्रममधलं याला कळलं कसं? मृत्यू आठवड्याच्या आतला धरून मी त्यालाच अटक केली.

कुणी सांगितलं विचारलं की चौकशीत तो माश्यांचंच नाव घ्यायचा, "माश्यास्नी सांगं, साहेब." मी टेबलावर हात आपटायचो. तो कोठडीत असतानाच त्याची माय वारली. 'तपास नाजूक टप्प्यावर' असं लिहून मी त्याला सोडायला विरोध केला. अग्नी चुलतभावाने दिला.

शवविच्छेदनाच्या डॉक्टरांनी ड्रममधल्या माश्या आणि कोश बाटलीत जपले होते. जळगावच्या एका प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी ते मला भिंगाखाली दाखवले. केळीवरच्या चिलटाचे डोळे लालभडक असतात. ड्रममधल्या या माशीच्या पाठीला कुबड, मागच्या मांड्या जाड. मोठी माशी शिरत नाही तिथे ही बारीक फटीतून शिरते, आणि उडण्यापेक्षा पळते जास्त. रिकामे कोश म्हणजे एक पिढी बाहेर पडलेली. त्याला आपल्याकडच्या हवेत निदान दोन आठवडे लागतात. ड्रम उघडला तेव्हा रखवालदाराला नोकरीवर नऊच दिवस झाले होते.

आधीचा रखवालदार धुळ्यात सापडला, त्याने कबुली दिली. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. मला लाज वाटली.

मी माफी मागायला सुटून गेलेल्या नव्या रखवालदाराच्या गावी गेलो. त्याने खाट टाकली, चहा पाजला, एक शब्द उणा बोलला नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत शिकलो ते एवढंच, की ज्याला दिसतं त्याच्यावरच आपण आधी संशय घेतो, आणि असा माणूस आपण कायमचा गमावतो. निघताना तो शांतपणे म्हणाला,

"आते काही दिखनं तरी मी कोनले सांगत नही, साहेब."