रशियाचं गिरमिट

दुसऱ्या महायुद्धातलं रशियाचं अख्खं सैन्य आमच्या घरमालकीण अक्कांच्या पाहुण्यांनी कांदा-टोमॅटो घालून, गिरमिट करून खाल्लं. सोबत मिरची-भजी होती. आणि ते सैन्य उचलून दिलं मी!

हसू नका. आधी माझी बाजू ऐका.

माझी सोनाली नववीत. शाळेत इतिहासाचं प्रदर्शन होतं. त्या युद्धात कुठल्या देशाचं सैन्य किती मोठं, हे दाखवायचं काम तिच्याकडे आलं. बाकीची मुलं कागदावर रंगीत पट्ट्या काढणार होती. मी म्हटलं, "पट्ट्या कोण बघतंय? बरण्यांत चुरमुरे भर! एक चुरमुरा म्हणजे हजार शिपाई. डोळ्यांना ढीग दिसला पाहिजे!" (मी सातवीत शाळा सोडली. त्यामुळे शाळेच्या बाबतीत मला फार सुचतं.) जुन्या हुबळीत एक वेळ पाणी येणार नाही, पण गिरमिटाचे चुरमुरे मिळणारच. पोरीनं वाटीनं मापून बरण्या भरल्या, चिठ्ठ्या डकवल्या. रशिया गळ्यापर्यंत. मग अमेरिका, जर्मनी, जपान, इंग्लंड.

मी दोनदा बघितलं. "भारत कुठाय?"

"इंग्लंडमध्ये."

"तिथं काय करतोय?"

"अगं आई, तेव्हा त्यांचं राज्य होतं ना. म्हणून त्यांच्यातच धरलाय."

माझं टाळकंच सरकलं! "कुणी धरला? कुणाला विचारून? तुझ्या पप्पांचे आजोबा मिलिटरीत गेले होते. मी हिंगोलीकडून एवढ्या लांब लग्न करून आले ती काय इंग्लंडच्या घरात आले?"

खरं सांगते, सासरच्या त्या मिलिटरीचा मला फार अभिमान. आमच्या माहेरी तालुक्याच्या पुढं कुणी गेलेलं नाही. आणि इकडं अळणावरजवळच्या सासरच्या खेड्यात सासूबाई प्रत्येक पाहुण्याला सांगायच्या, "आमचं घराणं लढाईवर गेलेलं!"

नवरा भाकरी मोडत म्हणाला, "राहू दे की. म्हाताऱ्याला कशाला बरणीत बसवतीस?"

"तुम्ही गप्प बसा! स्वतःच्या आजोबांची काही चाड आहे का?"

ते गप्प बसले. जरा जास्तच गप्प बसले, हे मला नंतर कळलं.

मी सोनालीला सरांना फोन लावायला लावला. सर म्हणाले, "बरोबर आहे आईंचं. भारताचे लोक स्वतःहून भरती झालेले. वेगळी बरणी करा." झालं! मी स्वतःच्या हातानं इंग्लंडमधून भारत काढला. बरणीच्या तळाला जेमतेम बोटभर आला. मी बरणी हलवून हलवून तो जरा फुगवला, पण छाती माझीच जास्त फुगली.

आता अक्का. अनोळखी माणसांना खोली देणारी बाई, सोनालीला शाळेत घालताना स्वतः बरोबर आलेली. त्यांनी जीव मागितला असता तरी मी "थांबा, पुसून देते" म्हटलं असतं. प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी त्या धापा टाकत खाली आल्या.

"सविता, चुरमुरि अदाव येन? चुरमुरे आहेत का, गिरमिटाला? आमच्या मुलासाठी मुलीकडचे आलेत गं, घर बघायला. चौघं येतो म्हणाले, जीप भरून आलेत! गल्लीतलं दुकान बंद. माझी लाज राख!"

सोनाली ट्यूशनला. घरात चुरमुरे म्हणजे फक्त ती सैन्यं! मी घाबरून विचार केला, रशियाकडं एवढे आहेत, मूठभर गेले तर कुणाला कळतंय? तेवढ्यात अक्कांनी बरणीच काखेत मारली. "भाळ छलो, लई बरं झालं बघ!"

थोड्या वेळानं परत. "आणखी हाय का? मुलीचे काका दुसऱ्यांदा मागतात."

जर्मनी गेला.

"सविता, मुलीची मामी..."

अमेरिका आणि जपान एकदम गेले. (त्या युद्धात ते एका बाजूनं कधी गेले नसतील.)

चौथ्यांदा अक्का दारात आल्या तेव्हा दोनच बरण्या उरल्या होत्या. त्यांचा हात भारताकडे गेला आणि मी आडवी आले. "ही नाही, अक्का! यात आमचे आजेसासरे आहेत!"

अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू बाईला ऊन लागलंय. मी आनंदानं इंग्लंड काढून दिला.

सोनाली आली. "आई, रशिया कुठाय?"

"वर."

"वर कुठं?"

"मुलीच्या काकांच्या पोटात."

पोर भोकाड पसरून रडायला लागली. "उद्या मी एकटा भारत दाखवू? तोही बोटभर?"

"बघ की, जगात सगळ्यात मोठा!" म्हणाले मी, तर आणखीच रडली. ते रडणं वर ऐकू गेलं. अक्का धावत आल्या, काय झालं ते कळल्यावर दोन्ही हात गालावर मारून घेतले आणि नवऱ्या मुलालाच स्कूटरवर पिटाळलं. तो पाहुणे सोडून बाजारातून चुरमुऱ्यांचं पोतं घेऊन आला. (लग्न जमलं. मुलीला म्हणे तो मदतीला धावणारा वाटला.) आम्ही परत सगळी सैन्यं मापून उभी केली.

प्रदर्शनात आमच्या टेबलाला गर्दी! मी कडक इस्त्रीची साडी नेसून भारताच्या बरणीशी उभी. येईल त्याला सांगत होते, "आमचे आजेसासरे यातलेच!"

सर ह्यांच्याकडे वळले. "वा! कुठल्या आघाडीवर होते?"

नवऱ्यानं कान खाजवला. "बेळगावच्या स्टेशनपर्यंत."

"आणि पुढं?"

"पुढं गाडी आली. आईची आठवण आली. चढलेच नाहीत."

माझा चेहरा काय झाला असेल! एवढ्या रागानं मी ज्या माणसाला इंग्लंडमधून सोडवून आणलं, तो शेतात ज्वारी राखत बसला होता! म्हटलं, काही असो, हिशोबात खोटं नको. भारताच्या बरणीतून मी हळूच एक चुरमुरा उचलला आणि तोंडात टाकला.

सोनाली किंचाळली, "आई! हजार होते त्यात!"

एका न गेलेल्या आजेसासऱ्यापायी मी खरोखर लढायला गेलेली हजार माणसं चावून खाल्ली होती.